यंग डिसायपल्स आणि त्यांचा एकुलता एक अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बँड कोणता? नावच कधी ऐकलेलं नाही.

लंडनचा बँड. 1990 च्या आसपास उभा राहिला, 1991 मध्ये ‘रोड टू फ्रीडम’ हा अल्बम काढला, 1992 मध्ये मर्क्युरी या अल्बम-पुरस्काराच्या पहिल्यावहिल्या यादीत आला आणि त्याच सुमारास गायिका स्वतंत्र वाटेनं निघाली. दुसरा अल्बम झालाच नाही. ‘अपॅरंटली नथिंग’ हे त्यांचं गाणं तुम्ही बहुधा ऐकलेलं असेल, फक्त ते कुणाचं हे ठाऊक नसेल. अ‍ॅसिड जॅझचा कुठलाही संग्रह उघडा, त्यात ते असतंच.

बँडमध्ये कोण कोण होतं?

तिघं. बास गिटार वाजवणारा मार्को नेल्सन, डीजे आणि निर्माता फेमी विल्यम्स (लंडनच्या क्लबांमध्ये त्याला फेमी फेम म्हणत) आणि गायिका कार्लीन अँडरसन. मार्को आणि फेमी लंडनचे, कार्लीन अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनची. ड्रम, कीबोर्ड, ब्रास यांसाठी बाहेरचे वादक बोलावले जायचे. त्यामुळे चार-पाच मित्रांनी गॅरेजमध्ये तालीम करून उभा केलेला बँड डोळ्यांसमोर आणू नका. रेकॉर्ड वाजवणारा एक, बास वाजवणारा एक आणि गाणारी एक, असं हे त्रिकूट होतं. त्यांचं संगीत मुख्यतः स्टुडिओत घडलं.

अ‍ॅसिड जॅझ म्हणजे नक्की काय? नशेशी संबंध आहे का?

नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीताची लाट होती. 1987-88 च्या सुमारास पश्चिम लंडनमधल्या एका कार्यक्रमात आधीच्या डीजेनं अ‍ॅसिड हाउस वाजवून गर्दी पेटवली होती. त्यानंतर जाइल्स पीटरसन आणि ख्रिस बँग्ज या डीजेंची पाळी आली. त्यांनी फंकची, म्हणजे बास आणि ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकी कृष्णवर्णीय नाचाच्या संगीताची, जुनी रेकॉर्ड लावली, तिचा वेग कमीजास्त करत वाजवली आणि मघाचं जर अ‍ॅसिड हाउस होतं तर हे अ‍ॅसिड जॅझ, असं गमतीत जाहीर केलं. नाव चिकटलं. 1987 मध्ये पीटरसन आणि एडी पिलर यांनी त्याच नावाची रेकॉर्ड कंपनीही काढली.

प्रत्यक्षात यात शुद्ध जॅझ थोडाच असतो. पाया 1970 च्या आसपासच्या अमेरिकी फंकचा आणि सोलचा (चर्चच्या गायकीतून आलेलं भावपूर्ण गाणं), त्यावर हिप-हॉपचा ठेका, कुठे जॅझमधला सॅक्सोफोन किंवा ऑर्गन, कुठे लॅटिन तालवाद्यं. लंडनच्या डीजेंनी आपल्या पेटीतल्या रेकॉर्डींवरून हे मिश्रण जमवलं. वादक त्यात नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवा, कारण यंग डिसायपल्सची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

डीजे आधी आणि वादक नंतर, म्हणजे कसं?

1980 च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये ‘रेअर ग्रूव्ह’ नावाची एक चळवळच झाली होती. अमेरिकेत पंधरा वर्षांपूर्वी निघालेल्या, तिथे फारशा न खपलेल्या फंक आणि सोलच्या रेकॉर्डी डीजे शोधून काढायचे. कुणाकडे एखादी रेकॉर्ड आहे म्हणून लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे. नॉर्मन जे हा डीजे तेव्हा परवाना नसलेल्या किस एफएम या रेडिओ केंद्रावर हाच माल वाजवायचा. किसला कायदेशीर परवाना मिळून ते अधिकृतपणे सुरू झालं सप्टेंबर 1990 मध्ये.

क्लबांचा इतिहास इथे थोडा कडू आहे. मध्य लंडनमधल्या झगमगीत क्लबांच्या दारावर कृष्णवर्णीय तरुणांना सर्रास परत पाठवलं जायचं. मग या पोरांनी रिकामी गोदामं गाठली, स्वतःच्या साउंड सिस्टिम लावल्या आणि तिथे काळे-गोरे सगळे एकत्र नाचू लागले. मोठमोठे स्पीकर बांधून रस्त्यावर किंवा हॉलमध्ये संगीत वाजवायची ही पद्धत जमैकाहून आलेल्या कुटुंबांनी लंडनला दिली. सोल टू सोल हा समूह याच वाटेनं वर आला. कॉव्हेंट गार्डनच्या आफ्रिका सेंटरमध्ये रविवारी रात्री ते वाजवायचे आणि 1989 मध्ये ‘बॅक टू लाइफ’ हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचे डोळे उघडले. लंडनच्या काळ्या संगीताला गिऱ्हाईक आहे हे त्यांना एका उन्हाळ्यात कळलं. यंग डिसायपल्सला जो करार मिळाला, त्याच्यामागे सोल टू सोलनं मोकळी केलेली वाट आहे.

कार्लीन अँडरसन ह्यूस्टनहून लंडनला कशी पोचली?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कार्लीनची आई विकी अँडरसन. फंकचा जनक मानला जाणारा अमेरिकी गायक जेम्स ब्राउन याच्या ताफ्यातल्या गायिकांपैकी तिचं नाव फार मानानं घेतलं जातं. ‘मेसेज फ्रॉम द सोल सिस्टर्स’ ही तिची 1970 ची रेकॉर्ड मायरा बार्न्स या नावानं निघाली होती आणि रेअर ग्रूव्हच्या शौकिनांनी ती जिवापाड जपली. कार्लीनचे सावत्र वडील बॉबी बर्ड. जॉर्जियातल्या टोकोआ गावी कोवळ्या वयात तुरुंगात असलेल्या जेम्स ब्राउनला बाहेर काढायला ज्या घरानं मदत केली, ते घर बर्ड यांचं. पुढे ‘सेक्स मशीन’मध्ये ब्राउनच्या प्रत्येक हाकेला ‘गेट ऑन अप’ अशी साद देणारा दुसरा आवाज बॉबी बर्डचाच. आई जुलै 2023 मध्ये गेली, बर्ड त्याआधी 2007 मध्ये.

आता 1980 च्या दशकाच्या शेवटाकडे या. अमेरिकेत ही माणसं विस्मरणात गेली होती. जेम्स ब्राउन स्वतः डिसेंबर 1988 पासून फेब्रुवारी 1991 पर्यंत तुरुंगात होता. पण हिप-हॉपवाले त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या रेकॉर्डींचे तुकडे कापून आपली गाणी बांधत होते. एरिक बी आणि राकिम यांचं 1987 चं ‘आय नो यू गॉट सोल’ हे बॉबी बर्डच्या त्याच नावाच्या 1971 च्या गाण्यावर उभं आहे. लंडनमध्ये तर या रेकॉर्डींचे भक्तच होते. म्हणून बर्ड आणि विकी अँडरसन यांना ब्रिटनमध्ये कार्यक्रमांसाठी बोलावलं गेलं आणि त्यांच्याबरोबर कार्लीनही आली. इथेच तिची या लंडनच्या पोरांशी गाठ पडली.

विचार करा, फेमी आणि मार्को हे त्या रेकॉर्डींवर वाढलेले. ज्या आवाजांच्या तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांवर सगळं शहर नाचत होतं, त्या आवाजांच्या घरातली मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली. घराण्यात जन्मलेल्या गायकाला जे शिकवावं लागत नाही ते तिच्या गळ्यात होतं. त्यांनी जुनी रेकॉर्ड कापून लावण्याऐवजी तिला नवं गाणं लिहायला आणि गायला लावलं. माझ्या मते यंग डिसायपल्सचं मोठेपण इथे आहे. बाकीचे जुन्या फंकची आठवण वाजवत होते. यांनी जुन्या फंकच्या घरातल्या माणसाला वर्तमानात गायला बोलावलं.

तिचं वय तेव्हा किती होतं?

कार्लीनचा जन्म 1957 चा. अल्बम आला तेव्हा ती 34 वर्षांची होती. पॉपच्या धंद्यात पहिल्या अल्बमसाठी हे वय उशिराचं मानतात. ऐकताना मात्र तिचं वय हीच जमेची बाजू वाटते. तिच्या आवाजात पाहिलेल्या-सोसलेल्या गोष्टींचं वजन आहे, जे विशीतल्या गळ्यात सहसा येत नाही.

टॉकिन लाउड ही कंपनी काय होती?

जाइल्स पीटरसन पुढे अ‍ॅसिड जॅझ रेकॉर्ड्समधून बाहेर पडला आणि 1990 मध्ये फोनोग्राम या बड्या कंपनीच्या आधारानं त्यानं टॉकिन लाउड हे लेबल सुरू केलं. नॉर्मन जे त्यात त्याच्याबरोबर होता. पहिल्या काही वर्षांतली नावं पाहा : गॅलिआनो, इन्कॉग्निटो, ओमार, अर्बन स्पीशीज आणि यंग डिसायपल्स. लंडनचा तो सगळा कट्टाच त्या लेबलवर आला होता.

नावाचं मूळ कॅम्डेनच्या डिंगवॉल्स क्लबात आहे. कालव्याकाठच्या या जागेत पीटरसन आणि पॅट्रिक फोर्ज रविवारी दुपारी रेकॉर्ड वाजवायचे. भर दुपारी जॅझवर अक्षरशः घामाघूम होईपर्यंत नाचणारे लोक, हे तिथलं वैशिष्ट्य. त्या बैठकीचं नाव होतं ‘टॉकिंग लाउड अँड सेइंग समथिंग’. जेम्स ब्राउनच्या ‘टॉकिन लाउड अँड सेइन नथिंग’ या गाण्याचं नाव किंचित फिरवून केलेलं. आणि ते मूळ गाणं ब्राउननं कुणाबरोबर लिहिलं होतं? बॉबी बर्डबरोबर. म्हणजे कार्लीनचा अल्बम ज्या लेबलवर निघाला, त्या लेबलच्या नावामागे तिच्या सावत्र वडिलांचं गाणं आहे. हा योगायोग मला कधीच साधा वाटत नाही. लंडनमधला हा सगळा पसारा त्या एका ताफ्याच्या संगीतावर किती टेकलेला होता, हे त्यातून कळतं.

‘अपॅरंटली नथिंग’मध्ये असं काय आहे?

आधी गाण्याचे बोल. गाणं युद्धं आणि इतिहास यांच्याबद्दल आहे. माणसं मारली गेली, संकटं येऊन गेली, त्यातून आपण काय शिकलो, असा प्रश्न कार्लीन विचारते आणि उत्तरही तीच देते : काहीच नाही, असं दिसतं. 1991 च्या जानेवारी-फेब्रुवारीत आखाती युद्ध चालू होतं आणि गाणं पहिल्यांदा बाजारात आलं ते त्याच दिवसांत. तेव्हा ब्रिटनमध्ये ते ऐकणाऱ्याला दुसरं काही आठवणं शक्य नव्हतं.

आता चाल. वेग मध्यम, चालता चालता मान डोलेल इतका. मार्कोचा बास अगदी पुढे आहे आणि तो सतत बोलत नाही, सोडलेल्या जागांमधून बोलतो. वरती गिटारचे लहान लहान झटके. आणि या सगळ्यावर कार्लीन सुरुवातीला आवाज पूर्ण उघडत नाही. कडव्यात ती गोष्ट सांगितल्यासारखी गाते, जवळजवळ बोलते. धृपदाशी येताना आवाज वर चढतो, पण चर्चमध्ये गाण्याची सवय असलेले अमेरिकी गायक जशा लांबलचक ताना घेतात तशा ती घेत नाही. एखाद्या शब्दाच्या टोकाला छोटी किंकाळी, एखादा तुटका उद्गार आणि परत ठेक्यावर. विकी अँडरसनची जुनी रेकॉर्ड लावून लगेच हे ऐकलंत तर तो उद्गार कुठून आला हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

इतके कडू बोल असलेलं गाणं नाचायला लावतं. काही लोकांना ही विसंगती वाटते. मला वाटत नाही. 1970 च्या फंकचा तो धर्मच होता : सांगायचं ते कठोर सांगा आणि पायांना थांबू देऊ नका.

हे गाणं पहिल्या झटक्यात गाजलं का?

नाही. 1991 च्या सुरुवातीला आलं तेव्हा ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसांतही पोचलं नाही. क्लबांमध्ये मात्र ते वाजत राहिलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात कंपनीनं ते पुन्हा बाजारात आणलं आणि तेव्हा ते 13 व्या क्रमांकापर्यंत गेलं. टॉकिन लाउडसाठी तो उन्हाळा एकूणच बरकतीचा होता. इन्कॉग्निटोचं जोसेलिन ब्राउननं गायलेलं ‘ऑलवेज देअर’ आणि ओमारचं ‘देअर्ज नथिंग लाइक धिस’ हीसुद्धा 1991 मध्येच पहिल्या विसांत होती.

‘रोड टू फ्रीडम’ अल्बम कसा आहे? गाजलेलं एकच गाणं आणि बाकी भरणा, असं तर नाही ना?

अजिबात नाही. उलट गाजलेलं गाणं वगळलं तरी अल्बम ताठ उभा राहतो.

‘गेट युवरसेल्फ टुगेदर’ हे त्यांचं आधीचं गाणं यात आहे. ‘टॉकिन व्हॉट आय फील’मध्ये न्यूयॉर्कचा रॅपर मास्टा एस आहे. ‘ऑल आय हॅव’ आणि ‘स्टेप राइट ऑन’ ही दोन्ही गाणी डब स्वरूपात ठेवली आहेत. डब म्हणजे जमैकन स्टुडिओची पद्धत : गाण्यातून आवाज आणि वाद्यं काढून घ्यायची, ड्रम आणि बास उघडे पाडायचे आणि उरलेल्या तुकड्यांना प्रतिध्वनीत सोडून द्यायचं. मोठी गायिका हाताशी असताना तिचा आवाज मधूनमधून नाहीसा करण्याची हिंमत या लोकांनी दाखवली, हे मला फार आवडतं. साउंड सिस्टिमवर वाढलेल्या माणसालाच हे सुचतं. अमेरिकेत कुणी कार्लीनचा अल्बम केला असता तर तिला पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत गायला लावलं असतं.

शेवटाकडे ‘फ्रीडम स्वीट’ आहे, तीन भागांची सलग रचना. सिंगल (सुटं विकायचं गाणं), रेडिओ, यादी यांचा कुठलाच हिशेब तिच्यात नाही. संथ सुरू होते आणि सावकाश पसरते. अल्बमचं नाव कशावरून आलं ते इथे समजतं. बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत, पहिली दोन गाणी ऐकून थांबतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ब्रिटनच्या अल्बमांच्या खपाच्या यादीत तो 21 व्या क्रमांकापर्यंत गेला.

अल्बमवर जेम्स ब्राउनचे वादक आहेत हे खरं का?

हो. मेसिओ पार्कर, फ्रेड वेस्ली आणि पी वी एलिस, म्हणजे दोन सॅक्सोफोन आणि एक ट्रॉम्बोन, ब्राउनच्या जुन्या ताफ्याच्या या खांबांनी यात वाजवलं आहे. ब्रिटिश बाजूनं गायक-गिटारवादक पॉल वेलर आणि त्याचा स्टाइल कौन्सिल या बँडमधला साथीदार मिक टॅल्बट हेही पाहुणे आहेत. ब्राउन तुरुंगात असताना त्याचे हे वादक युरोपात नव्यानं ओळखले जाऊ लागले होते. त्यामुळे एका बाजूला मूळ फंक ज्यांनी घडवला ती माणसं आणि दुसऱ्या बाजूला त्या फंकच्या रेकॉर्डी गोळा करत मोठे झालेले लंडनचे तरुण एकाच अल्बमवर आले. अ‍ॅसिड जॅझच्या बाकी अल्बमांवर चांगले वादक पुष्कळ भेटतात. मूळ झरा आणि त्याचं पुढचं वळण असं एकत्र वाहताना मात्र फार थोड्या ठिकाणी दिसतं.

मर्क्युरी पुरस्काराचं काय झालं?

वर्षातल्या उत्तम ब्रिटिश किंवा आयरिश अल्बमला द्यायचा हा पुरस्कार 1992 मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षीच्या दहा अल्बमांच्या यादीत ‘रोड टू फ्रीडम’ होता. सोबत कोण होतं ते पाहिलं की त्याची उंची कळते : यू टू, सिम्पली रेड, सेंट एटिएन, इरेजर, दक्षिण आफ्रिकेतून लंडनला आलेला पियानोवादक भेकी म्सेलेकू, शास्त्रीय रचनाकार जॉन टॅव्हनर. पुरस्कार प्रायमल स्क्रीमच्या ‘स्क्रीमाडेलिका’ला मिळाला. त्या निवडीशी माझं भांडण नाही, तो अल्बम थोर आहे. पण त्या दहांमधून पुन्हा पुन्हा काढून ऐकावेत अशा तिघाचौघांत मी यंग डिसायपल्सला धरीन.

टॉकिन लाउडला हा पुरस्कार पुढे 1997 मध्ये मिळाला, रोनी साइज आणि रेप्राझंटच्या ‘न्यू फॉर्म्स’ला. तोवर लंडन-ब्रिस्टलचे क्लब ड्रम अँड बास या वेगवान ठेक्याच्या नाचाच्या संगीताकडे वळलेले होते.

मग बँड मोडला का? भांडण झालं का?

1992 मध्ये कार्लीन स्वतःच्या नावानं गायला बाहेर पडली आणि बँड तिथे थांबला. भांडणाच्या कहाण्या शोधण्यापेक्षा बँडची रचना बघावी असं मला वाटतं. एकत्र राहायला, फिरायला, वर्षानुवर्षं कार्यक्रम करायला जमलेला हा जथा नव्हता. दोन निर्माते आणि एक गायिका, त्यातली गायिका स्वतः गाणी लिहिणारी, तिशी ओलांडलेली, अर्धं आयुष्य आईवडिलांच्या नावाच्या सावलीत काढलेली. पहिल्याच अल्बमवर तिच्या आवाजाचा इतका बोलबाला झाला की तिला स्वतंत्र करार मिळणं ओघानंच आलं. आणि फेमी-मार्को यांची खरी आवड स्टुडिओ आणि रेकॉर्डी. अशा तिघांनी एक अल्बम मन लावून केला आणि आपापल्या कामाला लागले.

‘अर्धवट राहिलेला बँड’ असं त्यांच्याबद्दल बोलतात, ते मला पटत नाही. ‘रोड टू फ्रीडम’मध्ये जे करायचं होतं ते पूर्ण झालेलं आहे. त्यात पुढच्या अल्बमसाठी राखून ठेवलेलं काही दिसत नाही.

नंतर कार्लीननं काय केलं?

1994 मध्ये ‘ट्रू स्पिरिट’ हा तिचा स्वतंत्र अल्बम आला. त्यातली ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ आणि ‘मामा सेड’ ही गाणी ब्रिटनमध्ये चांगली चालली. 1998 मध्ये ‘ब्लेस्ड बर्डन’, ज्यात पॉल वेलरचा मोठा हात होता. पॉल मॅकार्टनीचं ‘मेबी आय ॲम अमेझ्ड’ तिनं तेव्हाच गायलं. 2005 च्या ‘सोल प्रॉव्हिडन्स’मध्येही वेलर तिच्याबरोबर गातो. ती ब्रिटनमध्येच राहिली आणि तिथल्या जॅझ-सोलच्या वर्तुळात तिला मोठ्या बहिणीसारखा मान मिळत गेला.

आणि मार्को, फेमी?

मार्को नेल्सनचा बास पॉल वेलरच्या 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या एकल अल्बमांवर ऐकू येतो, त्यात 1993 चा ‘वाइल्ड वुड’ही आला. फेमी डीजे आणि निर्माता म्हणून लंडनच्या क्लबांशी जोडलेला राहिला.

ब्रँड न्यू हेवीजचंही ‘अपॅरंटली नथिंग’ आहे. मूळ कुणाचं?

मूळ यंग डिसायपल्सचं, लिहिलेलं कार्लीन आणि मार्को यांचं. गोंधळ होतो कारण दोन्हीकडे गाणारी व्यक्ती एकच आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी कार्लीन काही काळ ब्रँड न्यू हेवीज या अ‍ॅसिड जॅझ बँडची गायिका होती आणि त्यांनी 2000 मध्ये हे गाणं नव्यानं केलं. नवी आवृत्ती चकचकीत, सफाईदार आहे. ऐकायची तर 1991 ची. तिच्यात हवा आहे, वाद्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे. नव्या आवृत्तीत ती जागा बुजवून टाकली आहे.

जमिरोक्वाय किंवा ब्रँड न्यू हेवीज आवडतात. हे त्याच जातीचं आहे का?

नातलग आहेत, स्वभाव वेगळा. हेवीज हा वाजवणाऱ्यांचा बँड, नाचाच्या मजेचा. जमिरोक्वायचं पहिलं गाणं 1992 मध्ये अ‍ॅसिड जॅझ रेकॉर्ड्सवर आलं आणि पुढे सोनीच्या पाठबळावर तो जगभर पोचला. यंग डिसायपल्स त्या दोघांपेक्षा गंभीर, अधिक सावकाश आणि हिप-हॉपच्या जास्त जवळचे. मला तर त्यांचे खरे शेजारी 1991 मध्येच आलेल्या ‘ब्लू लाइन्स’मध्ये दिसतात, म्हणजे ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या समूहाच्या अल्बममध्ये. तिथेही साउंड सिस्टिममधून आलेले डीजे, डबची सवय आणि शारा नेल्सनचा सोल आवाज. ब्रिस्टलचा रस्ता पुढे अंधाराकडे वळला आणि त्याला ट्रिप-हॉप हे नाव मिळालं. लंडनचा हा रस्ता उजेडात राहिला. पण 1991 मध्ये ते दोन्ही एकाच चौकात उभे होते.

अ‍ॅसिड जॅझ इतक्या लवकर मागे का पडलं?

काही कारणं धंद्याची, काही संगीताची. बड्या कंपन्यांना दुसरा सोल टू सोल हवा होता. तो मिळेना तसा त्यांचा उत्साह ओसरला. ब्रिटनच्या मासिकांचं लक्ष 1994 नंतर गिटारवाल्या ब्रिटपॉपकडे गेलं. क्लबांमध्ये ‘जंगल’ आणि ड्रम अँड बास हे संगीतप्रकार आले, जे त्याच काळ्या-गोऱ्या मिश्र वस्त्यांमधून आले होते आणि ऐकायला जास्त नवे होते. शिवाय खरं सांगायचं तर अ‍ॅसिड जॅझच्या नावाखाली पुष्कळ पाणचट माल निघाला. हॉटेलात जेवताना मागे वाजावं असं गुळगुळीत काहीतरी. त्या ढिगात चांगलं कामही गाडलं गेलं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘अपॅरंटली नथिंग’पासून, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. बास ऐकू आला नाही तर गाणंच अर्धं जातं. हेडफोन लावा. मग ‘गेट युवरसेल्फ टुगेदर’. ही दोन आवडली तर गाणी सुटी न ऐकता अख्खा अल्बम क्रमानं लावा आणि ‘फ्रीडम स्वीट’पर्यंत उठू नका. त्यानंतर विकी अँडरसनचं ‘मेसेज फ्रॉम द सोल सिस्टर्स’ आणि बॉबी बर्डचं ‘आय नो यू गॉट सोल’ ऐका.

रेकॉर्ड विकत घ्यायची आहे. काय पाहून घेऊ?

जुनी प्रत घेत असाल तर लेबलवर टॉकिन लाउडचं नाव आणि 1991 हे साल तपासा, आणि विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे उजेडात काढलेले फोटो मागा. या रेकॉर्डी क्लबांमध्ये वाजलेल्या आहेत, त्यामुळे पहिल्या बाजूची सुरुवात, जिथे गाजलेली गाणी असतात, तिथे सुईनं झिजलेली असू शकते. विकत घेण्याआधी तो भाग वाजवून दाखवायला सांगा. उत्तम प्रत महाग वाटली तर सीडी घ्या, ती स्वस्तात मिळते आणि त्यात अल्बम न उठता सलग ऐकता येतो.